गोटी खाली उतरली नसेल तर: घरच्या तपासणीपासून ऑपरेशननंतरच्या वर्षापर्यंत

बाळाला आंघोळ घालताना कधी आईच्या, कधी आजीच्या लक्षात येतं की पिशवीच्या एका बाजूला हाताला काही लागत नाही. मग घरात कोणीतरी म्हणतं, "उतरेल आपोआप, जरा मोठा होऊ दे." पहिले सहा महिने हे म्हणणं बरोबर आहे. सहा महिन्यांनंतर मात्र याच वाक्यामुळे मुलांचं नुकसान होतं. दोन-अडीच वर्षांचा, कधी आठ-दहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा सर्जनकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा मागे हेच वाक्य असतं, आणि कधीकधी ते डॉक्टरनेही म्हटलेलं असतं.

या लेखात वृषणाला गोटी आणि वृषणकोशाला पिशवी म्हटलं आहे, कारण घरात हेच शब्द चालतात. दवाखान्याच्या कागदावर 'अनडिसेंडेड टेस्टिस' किंवा 'यूडीटी' असं लिहिलेलं असेल.

सहा महिने कशावरून?

आईच्या पोटात असताना बाळाच्या गोट्या मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. तिथून जांघेतल्या बोगद्यातून त्या पिशवीत उतरतात, साधारण २५व्या ते ३५व्या आठवड्यांत. म्हणून पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत जवळपास तिघांची गोटी वर राहिलेली असते, तर फार लवकर जन्मलेल्या बाळांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन काही काळ वाढतं आणि राहिलेल्या बऱ्याच गोट्या तेव्हा उतरतात. वर्षाच्या वयाला शंभरात एखादाच मुलगा उरतो. पण सहा महिन्यांनंतर नव्याने उतरणाऱ्या गोट्या अगदीच थोड्या.

बाळ लवकर जन्मलं असेल तर सहा महिने मोजायचे ते ठरलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलं, म्हणजे त्याचे सहा महिने कॅलेंडरवर आठव्या महिन्याच्या आसपास पूर्ण होतात. ही तारीख लसीकरणाच्या कार्डावर पेनाने लिहून ठेवा. त्या दिवशी गोटी खाली नसेल तर बालशल्यचिकित्सकाची, म्हणजे पेडियाट्रिक सर्जनची, वेळ घ्यायची. ऑपरेशन शक्यतो वर्षाच्या आत, आणि काहीही झालं तरी दीड वर्षाच्या आत व्हायला हवं.

घाई कशासाठी, तर पिशवीतलं तापमान पोटातल्यापेक्षा ३ ते ४ अंशांनी कमी असतं आणि पुढे शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींना हा गारवा लागतो. पहिल्या वर्षात या पेशींचं एक महत्त्वाचं रूपांतर व्हायचं असतं. गोटी उबेत राहिली तर ते नीट होत नाही आणि वर्ष-दीड वर्षानंतर पेशींची संख्या घटायला लागते. नंतर ऑपरेशन करून गोटी जागेवर आणता येते, पण गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत.

दुसरं कारण कर्करोगाचं. स्वीडनमध्ये हे ऑपरेशन झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे सव्वादोन पट निघाला, तर १३ नंतर झालेल्यांत सुमारे साडेपाच पट. मुळात हा आजार विरळ आहे, त्यामुळे आकडे वाचून हादरून जायचं कारण नाही. मात्र उशिराची किंमत त्यातून कळते.

मूल होण्याबद्दल आईवडील विचारायला संकोचतात, पण काळजी तीच असते. एकच गोटी वर असलेल्या आणि वेळेत ऑपरेशन झालेल्या मुलांना पुढे बाप होण्यात बहुधा अडचण येत नाही. दोन्ही वर असतील तर शक्यता बरीच कमी होते. म्हणूनच दोन्ही बाजू रिकाम्या असलेल्या बाळाच्या बाबतीत एक आठवडाही वाया घालवू नये.

घरी कसं पाहायचं

बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घातल्यावर पाहा. खोली उबदार असावी, तुमचे हातही. गार हात लागला की गोटी वर खेचली जाते आणि भलताच निष्कर्ष निघतो. लहान बाळाला उताणं झोपवून गुडघे बाहेरच्या बाजूला पसरू द्या. दोन वर्षांवरच्या मुलाला मांडी घालून बसवा किंवा उकिडवा बसवा.

पहिला हात पिशवीवर ठेवू नका. ही चूक जवळपास प्रत्येकाकडून होते. आधी डाव्या हाताची बोटं कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाशी टेकवा आणि बोटांना साबणाचा फेस लावून जांघेच्या घडीतून तिरकं खाली, पिशवीच्या दिशेने, हलकेच सरकवत आणा. असं केलं म्हणजे गोटी वर पळायची वाट बंद होते. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांनी पिशवीत चाचपा. बाळाची गोटी वालाच्या दाण्याएवढी, गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी लागते. जांघेतली गाठ बहुधा एका जागी राहते, गोटी सरकते.

सापडलेली गोटी न ओढता पिशवीच्या तळाशी आणा, मिनिटभर धरा, सोडा आणि बघत राहा. सोडल्यावर ती खालीच थांबली तर ती 'वर-खाली होणारी' गोटी, म्हणजे रिट्रॅक्टाइल. तिला ऑपरेशन लागत नाही. सोडताक्षणी रबर ओढल्यासारखी वर गेली, पिशवीच्या तोंडापर्यंतच आली किंवा सापडलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. मूल रडत असेल तर तपासणी सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

वर-खाली होणारी गोटी मोकळी सोडून द्यायची नसते. अशांपैकी काही गोट्या मूल उंच होत जातं तसतशा कायमच्या वर अडकतात, बहुतेकदा शाळकरी वयात. त्यामुळे वयात येईपर्यंत दरवर्षी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. वाढदिवसाचा महिना धरला तर विसरत नाही.

इथे जन्माच्या वेळची नोंद फार कामाला येते. सहा महिन्यांखालच्या बाळात गोटी वर खेचणारा स्नायू फारसा जोरात नसतो, त्यामुळे त्या वयात 'दोन्ही खाली' असं लिहिलेलं असेल तर ते भरवशाचं. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि त्यात ही ओळ नसेल तर पहिल्या लसीच्या वेळी डॉक्टरांना लिहायला सांगा.

थांबायचं नाही असे प्रसंग

नवजात बाळाच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतील आणि चाचपूनही काही लागत नसेल, तर दवाखान्यातून घरी जाण्याआधी गुणसूत्रांची, क्षारांची आणि १७-हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉनची तपासणी व्हायला हवी. दिसायला मुलगा असलेलं असं बाळ क्वचित प्रत्यक्षात मुलगी असतं. तिच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या जन्मजात दोषामुळे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसतात. या आजारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगातलं मीठ वेगाने कमी होतं, बाळ उलट्या करतं, मलूल पडतं आणि दगावूही शकतं. गोटी वर आणि जोडीला लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तरी ही तपासणी करून घ्यायची. अशा बाळाची सुंता निदान होईपर्यंत करायची नाही.

पिशवीची एक बाजू रिकामी आहे हे माहीत असलेल्या मुलाच्या त्याच बाजूच्या जांघेत अचानक दुखरी, लालसर, दाबून आत न जाणारी गाठ आली, मूल सतत रडतंय, उलटी होतेय, तर सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. वर अडकलेल्या गोटीला पीळ पडलेला असू शकतो किंवा हर्नियात आतडं अडकलेलं असू शकतं. पीळ पडलेली गोटी वाचवायला हाताशी सुमारे सहा तास असतात. निघण्याआधी दूध किंवा खाऊ देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल.

सोनोग्राफी, इंजेक्शनं आणि मालीश

पालक बहुतेकदा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊनच येतात. सर्जनने तपासण्याआधी तिची गरज नाही. पोटातली गोटी सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही, आणि 'दिसली नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. उलट वर-खाली होणारी निरोगी गोटी जांघेत दिसली की रिपोर्टवर यूडीटी छापून येतं आणि घरभर घबराट होते. अनुभवी बोटं या कामात यंत्रापेक्षा सरस ठरतात. दहापैकी सात-आठ मुलांची गोटी तपासताना हाताला लागतेच. जाड मुलगा, किंवा बाळ मुलगा की मुलगी हे ठरवण्याचा प्रश्न, अशा मोजक्या ठिकाणी सोनोग्राफी उपयोगी पडते. एमआरआय आणि सीटी स्कॅन नेहमीच्या केसला लागत नाहीत.

एचसीजी या हार्मोनची इंजेक्शनं एकेकाळी सर्रास दिली जात. त्यांनी थोड्याच गोट्या उतरतात, उतरलेल्यांपैकी काही पुन्हा वर जातात, आणि त्या काळात बाळाच्या लिंगाची वाढ, केस, चिडचिड असे परिणाम दिसतात. अमेरिकन युरॉलॉजी संघटनेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोटी उतरवण्यासाठी हार्मोन देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. दोन्ही गोट्या हाताला लागत नसताना, त्या शरीरात आहेत का हे कळण्यासाठी एचसीजीची चाचणी करतात. ती वेगळी गोष्ट आहे, तिला नकार देऊ नका.

तेल लावून जांघ खाली चोळल्याने गोटी उतरत नाही. तिला वर धरून ठेवणाऱ्या रक्तवाहिन्या आखूड असतात आणि बहुतेक मुलांत सोबत हर्नियाची थैली चिकटलेली असते. चोळून यातलं काही सुटत नाही, बाळाला दुखतं मात्र.

ऑपरेशनची तयारी

रुग्णालय निवडताना दोन प्रश्न विचारा. इथे बालशल्यचिकित्सक आहेत का? आणि वर्षाच्या आतल्या बाळाला नियमितपणे भूल देणारे भूलतज्ज्ञ आहेत का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. मुंबईत परळचं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, केईएम, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा ठिकाणी बालशल्यचिकित्सा विभाग आहेत. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांना ही अडचण आपणहून सांगा, कारण गर्दीत मुलांचे कपडे काढून पाहिलं जाईलच असं नाही. पथक जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देऊ शकतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. नंतर कागद जुळवणं कठीण जातं.

भुलीने मेंदूवर परिणाम होईल का, ही भीती रास्त आहे. सुमारे तासाभराची एक भूल घेतलेल्या तान्ह्या बाळांची पाचव्या वर्षी तपासणी करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, भूल न देता फक्त अंग बधिर करून ऑपरेशन झालेल्या बाळांच्या तुलनेत बुद्धीत फरक आढळला नाही. एका बाजूचं साधं ऑपरेशन याच वेळात बसतं.

तारीख ठरवताना गोवर-रुबेलाच्या लसीकडे लक्ष द्या. ती नवव्या महिन्याच्या आसपास येते आणि तिचा ताप साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो. ऑपरेशन नेमकं त्या दिवसांत आलं तर ताप लसीचा की जखमेचा, हे कळत नाही. लस आणि ऑपरेशन यांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं की प्रश्न मिटतो. छातीत कफ, ताप किंवा हिरवट शेंबूड असेल तर लपवू नका. भूलतज्ज्ञ दोन ते चार आठवडे थांबायला सांगतील.

उपाशी ठेवण्याच्या वेळा घड्याळ लावून पाळायच्या. भूल देण्याआधी सहा तास जेवण, बिस्कीट, गाईचं किंवा डब्याचं दूध बंद. चार तास आधी अंगावरचं दूध बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सकाळी आठचं ऑपरेशन असेल तर डब्याचं दूध रात्री दोनला शेवटचं आणि अंगावर पहाटे चारला शेवटचं. बाळ रडतं म्हणून आजीने गुपचूप दिलेलं अर्धं बिस्कीटही श्वासनलिकेत जाऊ शकतं. ते दिलं गेलंच असेल तर न घाबरता सांगून टाका. वेळ पुढे जाईल, पण बाळ सुरक्षित राहील.

आत काय करतात

गोटी जांघेत हाताला लागत असेल तर घडीवर दोन-तीन सेंटिमीटरची चीर देतात. गोटी तिच्या चुकीच्या जागेवरून सोडवतात, हर्नियाची पातळ थैली रक्तवाहिन्यांपासून आणि शुक्रवाहिनीपासून अलग करून वरच्या टोकाला बांधतात. नाजूक काम हेच आहे. ती थैली ओल्या कागदासारखी असते, आणि तिच्यापासून सुटल्यावरच रक्तवाहिन्यांना लांबी मिळते. मग पिशवीच्या त्वचेखाली कप्पा करून गोटी त्यात बसवतात. त्वचेला विरघळणारे टाके घालतात, ते काढावे लागत नाहीत. गोटी पिशवीच्या तोंडाशीच असेल तर पिशवीवरच्या एकाच चिरेतूनही भागतं. ताण देऊन गोटी खाली बांधली तर तिचा रक्तपुरवठा तुटतो. चांगला सर्जन म्हणूनच ताण न देता लांबी मिळेपर्यंत थांबतो.

हाताला न लागणारी गोटी असेल तर भूल दिल्यावर सर्जन पुन्हा चाचपतात. स्नायू सैल झाल्यामुळे काहींची तेव्हा सापडते. नाहीच सापडली तर बेंबीतून दुर्बीण घालतात. आतल्या रक्तवाहिन्या आंधळ्या टोकाने संपलेल्या दिसल्या तर ती गोटी जन्माआधीच पीळ पडून नाहीशी झालेली असते, आणि शोध तिथे थांबतो. रक्तवाहिन्या जांघेत जाताना दिसल्या तर तिथे चीर देऊन पाहतात. गोटी पोटात पण जांघेच्या जवळ असेल तर त्याच वेळी खाली आणतात. फार उंच असेल तर फौलर-स्टीफन्स पद्धतीने पहिल्या वेळी मुख्य रक्तवाहिन्या बांधतात, शुक्रवाहिनीलगतच्या बारीक वाहिन्यांना मोठं व्हायला साधारण सहा महिने देतात, आणि दुसऱ्या वेळी गोटी उतरवतात. दुसरी पद्धत शेहाता यांची. तिच्यात गोटी पोटातच विरुद्ध बाजूला ताणून बांधतात, ताणलेल्या वाहिन्यांवर पडणाऱ्या आतड्यांच्या वजनाने त्या लांबतात आणि सुमारे तीन महिन्यांनी ती खाली घेतात. कोणती पद्धत वापरणार, हे आत पाहिल्यावर ठरतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी मात्र सर्व शक्यता समजून घ्या, 'दोन ऑपरेशन लागू शकतात' हीसुद्धा.

जांघेतल्या गोटीचं ऑपरेशन शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा यशस्वी होतं. पोटातल्या गोटीचं यश कमी असतं. ती सुकण्याची शक्यता जास्त, विशेषतः तिच्या मुख्य वाहिन्या तोडाव्या लागल्या असतील तर.

घरी आल्यावर

बहुतेक बाळं त्याच दिवशी घरी येतात. कमरेत बधिरतेचं इंजेक्शन दिलेलं असेल तर काही तास पाय लटपटतात. बाळाला उभं करू नका. पहिली लघवी उशिरा होऊ शकते. आठ-दहा तासांत झाली नाही तर फोन करा.

दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल दर वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. पहिले दोन दिवस बाळ रडण्याची वाट न पाहता वेळेवर द्या. १० किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ३ मिली होतात, ५ मिलीत १२० वाल्याचे सव्वासहा मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे दीड मिली. घरात या तीनही बाटल्या असतात आणि घोटाळा इथेच होतो. बाटलीवरचा आकडा वाचूनच मापा. चमच्याने नको, सिरिंजने.

दोन दिवस अंग पुसून घ्या. त्यानंतर कोमट पाणी घालून आंघोळ चालेल, टबमध्ये बसवणं आठवडाभर नको. जखमेवर हळद, पावडर, तेल काही लावायचं नाही. डायपर एक माप मोठा, सैल. लंगोट घट्ट बांधू नका. पिशवी निळसर-जांभळी आणि कडक लागते, ते दोन-चार आठवड्यांत उतरतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते कडेवर घेण्यात. कडेवर बसलं की बाळाचे पाय फाकतात आणि पिशवी तुमच्या कमरेच्या हाडावर दाबली जाते. तीन आठवडे बाळाला दोन्ही हातांवर आडवं किंवा पाय एकत्र ठेवून छातीशी धरा. वॉकर, तीनचाकी, झुलता घोडा, पाय फाकवून बांधायची झोळी, सगळं तेवढे दिवस बंद. पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

३८.५ सेल्सिअस, म्हणजे १०१.३ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू, पट्टी भिजवणारं रक्त, दिवसागणिक वाढणारी लाल सूज, किंवा सतत उलट्या, यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालयात जा.

पुढच्या तपासण्या

पहिला आठवडा, मग एक ते तीन महिने, सहा महिने आणि वर्ष. सहाव्या महिन्याची भेट चुकवू नका, कारण गोटी तगली की सुकली हे तेव्हा कळायला लागतं. दुसऱ्या बाजूच्या गोटीशी आकार ताडून पाहतात. थोडक्या मुलांत गोटी पुन्हा वर सरकते आणि दुसरं ऑपरेशन लागतं. पहिल्या ऑपरेशनचे व्रण असल्याने ते अवघड असतं, म्हणून ते अनुभवी हातातच द्यावं.

मूल मोठं झाल्यावर लक्षात आलं असेल तरी लगेच दाखवा. वयात येण्याआधी गोटी खाली आणण्याचा फायदा आहेच. वयात आल्यानंतर आणि दुसरी गोटी नीट असेल, तर वरची काढून टाकणं कधीकधी अधिक शहाणपणाचं ठरतं. हा निर्णय तपासणीनंतरच होतो. एक गोटी नसलेल्या मुलाला पुढे खेळताना संरक्षक कप वापरायला सांगतात, आणि हवी असल्यास किशोरवयात सिलिकॉनची कृत्रिम गोटी बसवता येते.

चौदा-पंधराव्या वर्षी मुलाला त्याचं काय ऑपरेशन झालं, ते शांतपणे सांगा आणि महिन्यातून एकदा आंघोळीनंतर दोन्ही गोट्या बोटांत फिरवून पाहायला शिकवा. कडक, न दुखणारी गाठ लागली तर सांगायला लाजू नकोस, हेही. ऑपरेशनचा कागद फाइलमध्ये प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. कोणती बाजू, गोटी कुठे सापडली, किती मोठी होती, रक्तवाहिन्या तोडल्या होत्या का, हे वीस वर्षांनी तो कुठल्याही डॉक्टरकडे गेला तरी पहिल्यांदा विचारलं जाणार आहे.